बाई सावरते

४ एप्रिल, शुक्रवार

खालच्या दोन खोल्यांना महिन्याचे भाडेकरू मिळाले. शनिवार-रविवारच्या पार्ट्यांना मी कंटाळले होते. रात्रभर गाणी आणि सकाळी आंब्याखाली बाटल्या. हे नवरा-बायको आहेत, निरंजन आणि अपूर्वा. मूळची लातूर-अंबाजोगाईकडची, राहायला पुण्याजवळ सूसला, दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिला सहावा महिना आहे. त्याची झोप पार उडाली म्हणून डॉक्टरांनी त्याला सुट्टी घ्यायला लावली. धरणाकाठची हवा बरी पडेल म्हणून इकडे आली. ती इथूनच काम करणार.

मुलगा सभ्य आहे. बोलताना मात्र समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतो. मी वळून पाहिलं. मागे पाण्याशिवाय काही नव्हतं.

शेजारची रंभाबाई लगेच चौकशीला आली. "हवा खायाला आल्यात व्हय? आपुन जल्मभर हीच हवा खातुया, आपल्याला कुनी सुट्टी दिली न्हाई."

९ एप्रिल

अपूर्वाला आज ऑफिसात जावं लागलं. जाताना मला वर येऊन म्हणाली, "मावशी, ह्याने सकाळची गोळी घेतली का तेवढं बघाल? विचारलं तर चिडतो. नुसतं बघा."

मी हो म्हटलं. माझं मत मात्र वेगळं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. बाकीचं वाचन गौतमीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, पुस्तकांतून आणि वाण्याकडून पुड्या बांधून येणाऱ्या कागदांतून झालं. पण संसार काही पुड्यांवर वाचून केला नाही. दोघांतल्या एकाचं मन कधी ना कधी खचतंच. तेव्हा दुसऱ्याने गप्प राहून ओढायचं. ह्यांचंसुद्धा शेवटच्या वर्षी जेवणावरून मन उडालं होतं. जाळं घेऊन काठावर जायचे आणि रिकामे यायचे. मी कधी खोदून विचारलं नाही. आपोआप बरे झाले. शेवटी शेवटी तर इतके शांत होते की मला वाटलं, आता चांगले दिवस आले.

१७ एप्रिल

अपूर्वा पायरीवर बसून रडत होती.

"काय झालं? भांडलात?"

"तेच तर, मावशी. तो भांडतसुद्धा नाही. मी काहीही बोलले तरी 'तुझं बरोबर आहे' म्हणतो."

"न भांडणारा नवरा मिळालाय आन रडतीस व्हय? आमच्यात अशा नवऱ्याची मिरवणूक काढतील."

ती हसली आणि हसताहसताच पुन्हा रडली. म्हणाली, त्याला पुण्याला दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचंय, मनाच्या. मी म्हटलं, आत्ता नको. एकदा माणसाच्या नावाला ते चिकटलं की सुटत नाही. पोर पदरात पडलं की पुरुष ताळ्यावर येतात. तिने डोळे पुसले आणि लॅपटॉपकडे गेली.

२६ एप्रिल

अंगणातला नळ सोडला की भोंग्यासारखा ओरडतो. निरंजन पाना घेऊन दुरुस्त करायला बसला होता. मी त्याला उठवलं. म्हटलं, असू दे रे. तो ओरडला की मला कळतं, खाली कुणीतरी उठलंय. एकट्या बाईला तेवढी सोबत बरी वाटते.

मग पडवीतल्या सरपणाबद्दल विचारायला लागला. "काकू, तुमच्याकडे गॅस आहे. ही भिंतीकडची रांग कशाला ठेवलीय?" (अपूर्वा मला मावशी म्हणते, हा काकू.)

त्याला सांगितलं. आंघोळीच्या पाण्याला मी चूल पेटवते. ह्यांनी जाण्याआधी पडवी छतापर्यंत भरून ठेवली होती. पुढच्या रांगा मी जाळल्या. शेवटची जाळवत नाही. लाकडांवर कोयत्याचे घाव आहेत, तेवढंच ह्यांचं हस्ताक्षर. ह्यांना सही येत होती, पण लिहिण्याचा कंटाळा.

"छतापर्यंत," तो म्हणाला. उठून रांगेला हात लावून पाहिला. बराच वेळ.

५ मे, सोमवार

आज ह्यांचं तिसरं वर्षश्राद्ध. गौतमीला मुठा गावाहून यायला जमलं नाही. कावळा लवकर शिवला.

नैवेद्याचं ताट खाली दिलं. अपूर्वा कामाच्या फोनवर होती. निरंजन जेवता जेवता म्हणाला, "काकू, काका कसे गेले?"

"पाय घसरला. जाळं काढाया गेले हुते. पाणी उतरल्यावर गाळ लई वंगाळ असतो. पट्टीचे पोहणारे हुते, पण पाण्याला वळख नसती कुनाची."

"आणि मग तुम्ही?"

"मग काय? रडून भात लागतं का? त्याच पावसात मी खाचरात उतरले. लोक म्हनले, बाईची जात, जमंल का? जमलं. पुरुष मागं राहिला तर खुळा हुतो. बाई सावरते."

त्याने घास तसाच हातात धरला होता.

"म्हणजे सावरते," तो म्हणाला.

"व्हय तर."

बोलून बरं वाटलं. माझ्या बोलण्याने त्याच्या मनाला जोर आला असावा, कारण आज पहिल्यांदाच त्याने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि स्वतः विसळून वर आणून दिलं.

८ मे

निरंजन बदलला! काल उशिरापर्यंत झोपला. आज शीळ घालत होता. अपूर्वा मला म्हणाली, "मावशी, मला जुना निरंजन दिसतोय." तिच्या तोंडावर आनंद होता आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी. ह्या शिकलेल्या मुलींना सुख आलं तरी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायचं असतं.

गोळ्या त्याने सोडल्या आहेत. मी डबा पाहिला तेव्हा म्हणाला, "आता गरज नाही, काकू. तिला सांगू नका, उगाच काळजी करत बसेल." मला पटलं. झोपेच्या अंगावर गोळीची झापड कशाला?

११ मे, रविवार

अपूर्वाचे वडील विठ्ठलराव गाडी घेऊन आले. सातव्यातली ओटी मी माझ्या घरातच भरली. रंभाबाईने ओव्या म्हटल्या, एक जरा वात्रट. विठ्ठलराव उठून अंगणात गेले.

आणि मग अपूर्वा जायला तयार होईना. आत येऊन मला म्हणाली, "मावशी, मला ह्याला सोडून जायचं नाही. का ते सांगता येत नाही."

"अगं, पयलं बाळंतपण माहेरीच व्हतं. आई वाट बघतीय. आन हा काय कुकुलं बाळ हाय? जेवतोय, झोपतोय, शीळ घालतोय. तू जा. मी हाय ना."

"तुम्ही बघाल?"

"डोळ्यांत तेल घालून."

निरंजनने तिची पिशवी स्वतः भरली. औषधं, चार्जर, तिची मऊ उशी. तिला गाडीत बसवलं आणि काच वर होईपर्यंत तिच्या केसांवर हात ठेवून उभा राहिला. मला भरून आलं. ह्यांनी मला असा हात कधी लावला नाही. नाही, एकदा लावला होता. हे गेले, त्या आठवड्यात.

१३ मे

परवाच्या वादळात आंब्याची मोठी फांदी पडली होती. निरंजनने काल आणि आज मिळून ती फोडली. हाताला फोड आले तरी थांबला नाही. सगळी लाकडं पडवीत रचली, अगदी छताला टेकेपर्यंत. "काकू, पावसाळाभर बघायला नको."

ह्या वयाच्या मुलाला एवढी माया! मी त्याला शेवयांची खीर केली.

माझा पुतण्या शैलेश मासे द्यायला आला होता. त्याला निरंजनने आपले महागडे बूट देऊन टाकले. शैलेश नको नको म्हणत घालून बघत होता. "लई भारी हायेत, दादा. तुमाला न्हाई का लागायचे?" निरंजन म्हणाला, "नाही लागणार."

संध्याकाळी रंभाबाई पडवीसमोर उभी राहिली. लाकडांकडे बघत म्हणाली, "हौसे, तुज्या मालकानं बी असंच रचलं हुतं. आन त्यांचं चांगलं जाळं ह्याच शैलेशला दिलं हुतं, ध्यानात हाय का?"

मी हातातलं लाटणं दाखवून तिला अंगणातून घालवलं. म्हटलं, शुभ बोल नाऱ्या. तिची जीभ म्हणजे विळा.

१५ मे

रंभाबाईशी बोलत नाही.

निरंजनने खोल्या धुऊन काढल्या. फरशीवर तोंड दिसतं.

मला दोन रात्री झोप नाही. उकाडा आहे.

१७ मे, शनिवार

काल काही लिहिलं नाही. आज लिहिते, घडलं तसं.

काल दुपारी वरच्या खाचरातून आले. घरात फोन वाजत होता. माझा फोन कमरेला होता. आवाज देवघराशेजारच्या भिंतीतल्या देवळीतून येत होता. तिथे ह्यांचं घड्याळ असतं. त्या दिवशी जाताना ह्यांनी ते काढून ठेवलं, पाण्याने खराब होईल म्हणून. पण मासे धरायला हे घड्याळ घालूनच जायचे, वर्षानुवर्षं. हा विचार माझ्या मनात काल पहिल्यांदा आला, फोन वाजत असताना.

घड्याळाच्या बाजूला निरंजनचा फोन होता आणि खालच्या खोल्यांची किल्ली.

उचलला. अपूर्वा.

"मावशी? तुम्ही कशा... तो कुठंय?"

"आसंल खाली. का गं?"

"त्याने नावं पाठवलीत. बाळाची. मुलगा झाला तर हे, मुलगी झाली तर ते. मी इतके दिवस मागे लागले होते तेव्हा म्हणायचा, आधी नाव घेऊ नये, बारशाला आत्या ठेवेल. आणि आज एकदम... मावशी, तो बारशाला नसल्यासारखं का करतोय?"

आमच्याकडे कुणी पोटातल्या बाळाचं नाव ठरवत नाही. बाप तर नाहीच. बापाला कसली घाई?

मी देवळीत पाहिलं. मग पडवीत, छताला टेकलेल्या लाकडांकडे.

"अपूर्वा, बाबांना गाडी काढाया सांग," मी म्हटलं. "मी त्याला आणते."

अंगणातून रंभाबाईला हाक मारली, "शैलेशला काठावर धाड!" तीन दिवस आमचं बोलणं नव्हतं. तिने का म्हणून विचारलं नाही. लुगडं खोचून पळाली. ह्या वयात.

हे गेल्यापासून मी पाण्यापाशी उतरले नव्हते. काल उतरले. वैशाखात पाणी मागे सरतं आणि बुडालेल्या जुन्या गावाची जोती उघडी पडतात. गाळाला भेगा पडलेल्या, चपला अडकत होत्या. निरंजन सगळ्यांत शेवटच्या जोत्यावर बसला होता, पाय पाण्याकडे सोडून. चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या होत्या.

"निरंजन."

तो दचकला नाही. "काकू, तुम्ही कशाला आलात? तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघंन. सरळ इचारते. जीव द्याया आलायस का?"

असा प्रश्न मी जन्मात कुणाला केला नव्हता. एक पाणकावळा बुडाला. मी तो वर यायची वाट बघत राहिले. लांब कुठेतरी आला.

"हो," निरंजन म्हणाला. जेवलास का विचारल्यावर म्हणावं, तसं.

"आन ती? पोटातलं?"

"माझ्याबरोबर राहून ती रोज थोडी थोडी संपतेय. मी बघतो ना. त्यापेक्षा एकदाच रडेल. मग सावरेल. तुम्हीच म्हणालात."

मी त्याच्याशेजारी जोत्यावर बसले. बसले म्हणजे पडलेच.

"खोटं बोलले मी."

तो पाण्याकडेच बघत होता.

"मी सावरले न्हाई. भात लावलं, येवढंच. लोकांनी खाचर हिरवं बघितलं आन म्हनले, हौसा सावरली. मी बी मानलं. अजून जेवाया दोन ताटं काढते, एक परत ठिवते. ह्या पाण्याकडं पाठ करून निजते. सरपनाची एक रांग धरून बसलीय, याडी. ही बघ सावरलेली बाई. नीट बघून घे, आन मग सांग, अपूर्वाला हे द्यायचंय का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरून पलीकडे नाही, माझ्याकडे.

"आन नावं ठिवनारा तू कोन? तुजी भैन मेली का? आत्याचा मान हाय तो. लोकाचा मान घ्याया लाज वाटत न्हाई?"

त्याच्या घशातून आवाज आला. हसणं नव्हतं ते आणि रडणंही नव्हतं. मग रडणंच झालं. मी त्याला थोपटलं नाही, नुसतं मनगट धरून ठेवलं.

तेवढ्यात शैलेश धापा टाकत आला. पायांत निरंजनचे बूट, गाळाने भरलेले. काय बोलावं ते न कळून म्हणाला, "दादा, बूट चावत्यात."

"चल उठ," मी निरंजनला म्हटलं. "मी उतरले खरी, आता चढवत न्हाई. मला वर तुलाच न्यावं लागंल."

त्याने नेलं. मी मनगट सोडलं नाही. कुणी पाहिलं असेल तर म्हटलं असेल, म्हातारी त्याचा आधार घेतेय.

अपूर्वा आज सकाळी पोचली. तोवर शैलेश त्याच्याजवळून हलला नाही. ती रागावली नाही, ओरडली नाही. पोट सांभाळत हळूहळू जमिनीवर त्याच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मला एकटीने सावरायचं नाहीये. ऐकतोयस? मला ते यायला नको आहे. आपण डॉक्टरकडे जाऊ या, दोघं."

मी बाहेर आले.

२२ मे

रोज पुण्याला जाणं-येणं चालू आहे. नवीन डॉक्टर बाई आहेत. एकट्या निरंजनशी कमी, दोघांना एकत्र बसवून जास्त बोलतात म्हणे. गोळ्या पुन्हा सुरू.

गोळ्या सोडल्याचं मला माहीत होतं, हे मी अपूर्वाला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, हे मला सांगायला हवं होतं." बस्स. ओरडली असती तर बरं झालं असतं.

विठ्ठलराव अडून बसले होते, पहिलं बाळंतपण माहेरीच. ती म्हणाली, "बाबा, आईला इकडे पाठवा. मी ह्याला सोडून कुठेही जाणार नाही आणि आता हे काही चर्चेचं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रीत राखायला मीच पुढे होते ना त्या दिवशी. मी म्हटलं, "आमच्या गावात बी बाळं जन्मतात, दादा."

त्या दोघांनी एक नवाच खेळ काढला आहे. सकाळी ती विचारते, "आज पाणी कुठवर?" तो हात लावून दाखवतो. कधी छाती, कधी गळा. परवा नाकाला लावला. त्या दिवशी तिने सगळं काम बाजूला ठेवलं आणि डॉक्टरकडे जायला गाडी काढायला लावली. गळ्यापर्यंत असेल तर दोघं आंब्याखाली बसून राहतात, बोलत नाहीत. काल तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि त्याने तिच्यासाठी पिठलं केलं. खारट झालं होतं. दोघांनी खाल्लं.

आम्ही असा खेळ कधी खेळलो नाही. मी ओढत होते, हे बुडत नव्हते, असंच मी धरून चालले होते.

वरचं वाक्य कसं लिहिलं गेलं कळत नाही. राहू दे.

१० जून, मंगळवार

आज वटपौर्णिमा. पाऊस यंदा लवकर आल्याने खालची जोती पुन्हा बुडाली. रंभाबाई नटून वडाला निघाली होती. अपूर्वाला बघून म्हणाली, "काय गं, नवऱ्यासाठी वडाला न्हाई यायचं?"

"आजी, नवरा इथे आहे. वडापाशी जाऊन काय करू?"

"लई शानी," रंभाबाई म्हणाली, पण जाताना निरंजनच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

बाळंतिणीच्या पाण्याला सुकं सरपण लागेल. निरंजनने रचलेला आंबा अजून ओला आहे, धूर करतो. म्हणून काल मी ह्यांची रांग काढली. एकेक लाकूड. पुढून कोयत्याचे घाव तसेच आहेत, कोरे करकरीत. मागून, भिंतीच्या बाजूने, सगळ्याला वाळवी लागलेली. हातात घेतल्यावर काही लाकडांचा भुगा झाला. तीन वर्षं मी समोरून बघत होते.

शाबूत होती तेवढी निवडून वेगळी ठेवली.

मग पाच मेचं पान काढून वाचलं. पाय घसरला, असं मी तिथे लिहिलं आहे. खोडलं नाही. खाली काही लिहिलंही नाही. घड्याळ देवळीतून काढून माझ्या मनगटावर बांधलं. सैल होतं.

हल्ली मी सकाळी लवकर उठते, पण चूल लगेच पेटवत नाही. पडवीत बसून नळ ओरडायची वाट बघते. तो ओरडला, की खाली माणूस उठला. मग काडी ओढते. आज उजाडून गेलं, कोंबड्या सोडून झाल्या, दूधवाला येऊन गेला, तरी नळ गप्प होता. मी हातात काडीपेटी धरून बसले होते. खाली जावं की न जावं. पायरीवर एक पाय टाकलाही.

मग ओरडला.

अपूर्वाचा आवाज आला, "आज कुठवर?"

उत्तर ऐकू आलं नाही. तो हातानेच दाखवतो. मी ह्यांच्या लाकडातलं पहिलं चुलीत सारलं. सुकं होतं, लगेच पेटलं.